मायना आणि मजकूर

या वेळचं पत्र पाच पानी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून बाकीचं थोडक्यात सांगते.

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला, जुन्या वाड्यात राहणाऱ्या या बाई ४३ वर्षांच्या. शाळेत गणित शिकवतात, संध्याकाळी घरी ट्यूशनच्या दोन बॅच घेतात. घरात नवरा, नुकताच कॉलेजात गेलेला मुलगा आणि सासूबाई. वरच्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ. जूनमध्ये मैत्रिणीच्या आग्रहावरून त्या ‘खरं जगायला’ शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिराला गेल्या. दिवसभरात आपण कुठे कुठे खोटं वागतो, याची यादी तिथे करायला लावली. यांची यादी २७ वर गेली. घरी येऊन त्यांनी ठरवलं, यापुढे मनात ते ओठावर. जावेला सांगितलं की तुझ्या हातची आमटी मी १४ वर्षं कशीबशी गिळते आहे. शेजारच्या गुजराती बेनना सांगितलं की तुमच्या भजनाचा मला कंटाळा येतो. आणि आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री, जेवायला पानावर बसलेल्या सासूबाईंना सांगितलं, “माझा उपासतापासावर विश्वास नाही. २० वर्षं मी तुमच्यासाठी नाटक करते आहे.” सासूबाई तेव्हापासून बोलत नाहीत. जाऊ जिना उतरत नाही. नवरा म्हणतो, “तुझं खरं तुझ्यापाशी ठेव.”

त्या विचारतात: “शाळेत मी एक, बेनशी गुजराती बोलणारी दुसरी, घरात सून म्हणून तिसरी. यातली खरी मी कोणती? खरं बोललं की माणसं तुटतात, नाही बोललं की आतून कुजल्यासारखं होतं. जन्मभर नाटकच करायचं का?”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूनं आणि एकदा, राग मानू नका, तुमच्या जावेच्या बाजूनं. आपली आमटी कुणीतरी १४ वर्षं गिळत होतं, हे एका संध्याकाळी असं कळणं सोपं नाही हो. तेवढ्या वर्षांत तिनं किती वाट्या वर झाकण ठेवून खाली पाठवल्या असतील, त्या सगळ्या तिला त्या रात्री आठवल्या असणार.

पण मी अडकले ती पत्राच्या पहिल्या ओळीवर. ‘ति. ताईंस, सा. न. वि. वि.’ असा मायना तुम्ही घातला आहे. तीर्थरूप ताईंस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी तुमची ना आई ना आत्या, तीर्थ तर लांबच राहिलं. आणि पत्र लिहायच्या आधी तुम्ही फरशीवर आडव्या होऊन आठही अंगं टेकवली असतील, असंही वाटत नाही. खोटं न बोलण्याचा नेम चालू आणि पहिल्याच ओळीत दोन खोटी! तुमच्या यादीत ही आलेली नाहीत, कारण तुम्हाला ती खोटी वाटलीच नाहीत. मलाही वाटली नाहीत. का वाटली नाहीत ते बघू या. तुमच्या प्रश्नाची निम्मी गाठ तिथेच सुटेल असं मला वाटतं.

माझे आजोबा गायकवाडी कचेरीत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत मोडी कागदांचं एक पुडकं होतं आणि सुट्टीत ते आम्हा नातवंडांना त्यातली अक्षरं लावायला बसवायचे. अक्षरं मला कधी लागली नाहीत, पण प्रत्येक कागदाला डोकं असतं आणि पोट असतं एवढं कळलं. डोक्यावर मायना: वडीलधाऱ्याला तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्याला राजमान्य राजश्री. ज्याच्याशी वाटणीचा दावा चालू आहे त्या भाऊबंदालाही राजमान्य राजश्रीच. त्याखाली मजकूर: पैसे किती, कधी देणार, शेताची शीव कुठून कुठवर. मायन्याचे साचे ठरलेले, तो कारकुनानं घातला तरी चालायचं. मजकुराची जबाबदारी मात्र ज्याच्या नावाचा कागद त्याची. त्यातून माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असलं की ‘दस्तुर खुद्द’ असा शेरा यायचा. मायन्यावरून कुणी कुणाला लबाड ठरवत नसे. लबाडी व्हायची ती मजकुरात, आणि धरली जायची तीही तिथेच.

शिबिरात तुम्हाला यादी करायला लावली, पण यातला मायना कुठला आणि मजकूर कुठला हे निवडायला कुणी सांगितलं नाही. सगळं एकाच पिशवीत कोंबलं.

२७ पैकी १२ नोंदी तुम्ही पत्रात उतरवल्या आहेत. मी पेन्सिल घेऊन बसले. हेडबाईंच्या विनोदाला हसणं: मायना. रिक्षावाल्याला ‘काका’ म्हणणं: मायना, आणि हे यादीत आलंच कसं याचं मला नवल वाटलं. भाचीच्या बाळाला ‘किती गोड’ म्हणणं: अहो, दोन दिवसांच्या बाळाला दुसरं काय म्हणतात? नावडत्या नातेवाइकांकडे दिवाळीचं ताट नेणं: मायना. बेनकडे भजनाला जाऊन बसणं: तेही तेच. तुम्हाला भजनाचा कंटाळा येत असेल, खरंच येत असेल. पण भजन आवडतं का, असं बेननी विचारलंच नव्हतं. ‘आवो ने’ एवढंच म्हणाल्या होत्या. त्यावर ‘आज जमणार नाही’ हे उत्तर होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

या सगळ्या गडबडीत कुणीतरी तुम्हाला ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्’ ऐकवलं, असं तुम्ही चिडून लिहिलं आहे. चिडणं बरोबर आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला हा श्लोक सुनांना गप्प बसवायला घराघरांत कामी आला आहे: खरं बोल, गोड बोल, खरं असलं तरी अप्रिय असेल ते बोलू नकोस. ऐकवणारी माणसं बहुतेक तिथेच थांबतात. दुसरी ओळ अशी आहे: ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’. गोड लागेल म्हणून खोटंही बोलू नकोस. म्हणजे श्लोक दोन्हीकडून वाट अडवतो आणि मधून कसं जायचं ते तुमच्यावर सोडतो. अप्रिय सत्य बोलूच नये, हे मला स्वतःला सरसकट पटत नाही. काही अप्रिय सत्यं बोलावीच लागतात, आणि तुमच्याकडेही तसं एक शिल्लक आहे असा मला संशय आहे. त्याकडे येतेच. आधी सासूबाई.

इथे मामला मायन्याचा नव्हता. २० वर्षांच्या एकादश्या म्हणजे मजकूरच. पण खोटं नेमकं कुठे होतं? तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलं आहे की दर आषाढीला तुम्ही सासूबाईंना मांडवीच्या बाजूला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, दाखवायला नेता. आधी त्या पुढे चालायच्या, आता गुडघ्यांमुळे तुमचा दंड धरून चालतात. पालखी जवळ आली की गर्दीचा लोंढा येतो, तेव्हा तुम्ही त्यांना भिंतीशी उभं करता आणि गर्दीला पाठ देऊन स्वतः पुढे उभ्या राहता. या वर्षी कुणीच गेलं नाही.

हे तुम्ही नाटकाचा पुरावा म्हणून लिहिलं आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. गर्दीला पाठ देऊन उभं राहण्याचं नाटक कसं करतात हो? पाठीत धक्के बसतात, ते काय खोटे बसतात? पालखीतल्या देवावर तुमचा विश्वास नसेल. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या म्हातारीला धक्का लागू नये, एवढं तुमच्या पाठीला मात्र पक्कं ठाऊक होतं. ‘तुमच्यासाठी नाटक करते आहे’ असं तुम्ही म्हणालात. त्यातलं ‘तुमच्यासाठी’ तुमचं होतं. ‘नाटक’ हा शब्द शिबिरातून आला.

तेव्हा त्यांच्याकडे जा. बोललेलं परत घेऊ नका, ते आता घेता येणारही नाही. सुनेचा उपासावर विश्वास नाही हे त्यांना बहुधा कधीचंच माहीत असेल. सासवांना माहीत असतं. एवढंच सांगा की एकादशी मला पटत नाही, पण तुमच्याबरोबर वरघोड्याला जाणं मला हवं आहे, आणि भरल्या पानावर बोलले ते चुकलं. चातुर्मास अजून संपलेला नाही. कार्तिकी एकादशीलाही वरघोडा निघतो, तोवर हातात दिवस आहेत. उपास सोडायचा तर उघडपणे सोडा, लपून पोळी खाऊ नका. त्यांचा साबुदाणा मात्र तुम्हीच भिजवा.

जावेपुढे भाषण नको. वर जा आणि काहीतरी मागा. किसणी मागा, कढीपत्ता मागा. माणूस कितीही रागात असलं तरी मागितलेली किसणी देतं. आमटीचं म्हणाल, तर ‘आज वाटीभर पुरे’ हे वाक्य १४ वर्षांपूर्वीही उपलब्ध होतं.

आता ‘खरी मी कोणती’. बडोद्याच्या मराठी माणसानं हे विचारावं याचं मला थोडं हसू येतं. आपण ‘बस ने जरा’ म्हणतो. ते ‘ने’ गुजरातीतून आलं आणि कधी आपलं झालं ते कुणाला कळलंही नाही. आपल्या सेव-उसळीला पुण्याचा पाहुणा मिसळ समजून बसतो आणि फसतो. बेनशी बोलताना तुमचा आवाज बदलतो, हात जास्त हलतात, असं तुम्ही लिहिलं आहे. बदलेल नाही तर काय! त्याच आवाजात तुम्ही २० वर्षं भाजीवालीशी घासाघीस केली, मुलाच्या तापात रात्री डॉक्टरांना उठवलंत. तो उसना कसा?

गावातलंच उदाहरण देते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव हा १२ वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये इथे दत्तक आला. खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. नाव बदलून सयाजीराव केलं, कपडे बदलले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी शिकवलं, दरबारात कसं बसायचं-उठायचं तेही शिकवलं. १८८१ मध्ये कारभार हाती आला. म्हणजे राजेपण सगळं बाहेरून चढवलेलं, घोटून घेतलेलं. पुढे १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते कुणी केलं म्हणायचं? खरा गोपाळ आत कुठेतरी दडून बसला होता आणि बाहेर दुसराच कुणी हुकूम काढत होता, असं आपण म्हणत नाही. वाड्यात आल्यावर ज्याचं शिक्षण खऱ्या अर्थानं सुरू झालं त्या मुलानंच ते केलं, शिकवलेल्या भाषेत, दिलेल्या नावानं सही करून.

तुमच्या आत कुणी ‘खरी मी’ तळघरात कोंडलेली आहे आणि भिंत फोडली की ती बाहेर येईल, असं मला वाटत नाही. शिबिरवाल्यांचं दुकान त्या तळघरावर चालतं. पुढची ‘लेव्हल’ डिसेंबरात आहे आणि फी दुप्पट आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. जाऊ नका.

मग आतून कुजल्यासारखं का होतं? ही तक्रार मी उडवून लावत नाही. त्यासाठीच पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

पाच पानांत ट्यूशनचा उल्लेख सहा वेळा आहे आणि सहाही वेळा तो घड्याळासारखा आहे. ‘सहाची बॅच सुटली तशी वर जावेकडे गेले.’ ‘साडेसातची बॅच असल्यानं भजनाला उशीर.’ ट्यूशन आवडते, विटलात, पैशांना लागते, यातला एक शब्द नाही. सुरू का केली ते एका कंसात आहे: ११ वर्षांपूर्वी मकरपुऱ्यातला नवऱ्याचा कारखाना बंद पडला म्हणून. त्यांना दुसरी नोकरी लागून नऊ वर्षं झाली, हे वेगळ्याच पानावर, वेगळ्याच संदर्भात आहे. आणि अगदी शेवटी हे वाक्य: ‘पहाटे साडेपाचला कमाटी बागेत जाते. तेवढा पाऊण तास कुणी मला काही विचारत नाही, फार बरं वाटतं.’

मी चुकत असेन. पण तुम्ही उतरवलेल्या नोंदींत एकही नवऱ्याच्या नावावर नाही आणि एकही पैशांची नाही. जी माणसं दुखावली तरी तुमचा दिवस तसाच चालणार होता, त्यांना तुम्ही खरं सांगत सुटलात: जाऊ, बेन, म्हातारी सासू. ज्याला सांगितलं तर घरचा हिशेब हलेल आणि कदाचित ‘नाही’ असं उत्तर येईल, त्याला सांगायचं राहिलं. टोचायला म्हणत नाही, आपण सगळेच हे करतो. एका बाजूची दाढ दुखते म्हणून दुसऱ्या बाजूनं चावतो, आणि इतकं जोरात की जीभच चावली जाते.

एक कागद घ्या. गणिताच्या बाईंना हे मी काय शिकवणार! दोन्ही बॅचचे महिन्याला किती येतात, त्यातले मुलाच्या फीला किती, औषधांना किती, नुसते पडून राहतात ते किती. साडेसातची एकच बंद केली तर तूट किती. मग नवऱ्याशी बोला, पण बॅच सुटल्यावर दमलेल्या आवाजात बोलू नका. रविवारी सकाळी त्यांना कमाटी बागेत न्या आणि कागद पुढे ठेवा. ‘साडेसातची बॅच मला पुढच्या वर्षी घ्यायची नाही. तूट एवढी येते. कशी भरायची ते दोघं मिळून ठरवू.’ दस्तुर खुद्द म्हणतात ते हे. यात कुणाचा अपमान नाही, कुणाची आमटी नाही. चालू वर्षाच्या मुलांना मात्र मध्येच सोडू नका, मार्चमध्ये त्यांच्या परीक्षा आहेत. आणि पालकांना दिवाळीच्या सुट्टीतच सांगून टाका, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघता येईल.

नवरा म्हणाला की पैसे लागतातच, तर तेही ऐकून घ्या. खरंच लागत असतील. मग आणखी एक वर्ष ती बॅच चालेल, पण दोघांनी ठरवून चालेल. आज ती ११ वर्षांपूर्वीच्या अडचणीवर चालली आहे.

आणि संध्याकाळ मोकळी झालीच, तर तिथे लगेच चित्रकला, योगा, कसला क्लास घुसडू नका. लोक विचारतील, ‘आता त्या वेळात काय करता?’ ‘काही नाही’ म्हणा.

आणखी एक, सदराबाहेरचं. या वयात झोप उडणं, चटकन राग येणं, थकून जाणं हे शरीराकडूनही येतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड एकदा तपासून घ्या. ‘कुजल्यासारखं’ महिनाभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. त्यात कमीपणा काही नाही.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. नोकरी गेली, कर्ज झालं, आजार निघाला आणि घरात सांगितलेलं नाही, तर तो मजकूर आहे. याच आठवड्यात निदान एका माणसाला सांगा. बाकी वेळी, जिभेवर काही अप्रिय आलं की मी स्वतःला विचारते, याची किंमत कोण भरणार? एकटा समोरचाच भरणार असेल तर आधी उठून पाणी पिऊन येते. पण ज्या घरात बाई गप्प आहे ती हात उचलला जाईल म्हणून, तिनं यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. भीतीनं मिटलेलं तोंड हा मायना नव्हे. तिथे आधी स्वतःचा जीव सांभाळायचा. गुजरातेत १८१ या नंबरावर महिलांसाठी चोवीस तास मदत मिळते.

तुमचं पुढचं पत्र आलं तर साडेसातच्या बॅचला मुलं किती, ते कळवा. पाच पानांत सगळे आकडे आहेत, तेवढा एक नाही. मायना जरूर घाला. फक्त ‘ति.’ नको, तेवढं वय झालेलं नाही माझं.